दाढेतली सावड

दात कोरून पोट भरत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने दंतनाथ महाराजांना पाहिलेलं नव्हतं. वाघखेड्याच्या मंगळवारच्या बाजारात महाराजांचं पोट लोकांच्या दातांवर झकास भरत होतं, आणि त्या पोटाचा घेर पाहता ते गेली बरीच वर्षं भरत असावं.

वाघखेडे हे चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेलं केळी-कापसाचं गाव. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. गावात शाळा आली होती, चोपड्यात डॉक्टर आले होते. पण मंगळवारी गर्दी जमायची ती मिरच्यांच्या ढिगापलीकडे, कडुनिंबाखाली. तिथे पाणी भरलेली एक परात असे. परातीत मधोमध वीट, विटेवर लालभडक तापवलेला नांगराचा फाळ. महाराज भगव्या पिशवीतून चिमूटभर तुपात घोळवलेलं बी काढत, फाळावर टाकत आणि वर एक मडकं पालथं घालत. मडक्याच्या बुडाला भोक आणि भोकात वेळूची नळी. दुखणाईताने नळीचं टोक गालात धरायचं, डोळे मिटायचे आणि महाराजांचं आवाहन ऐकायचं.

"आव आव कीटकराज! दाढ का महाल छोड, नळी का रस्ता पकड! आयेगा तो ठंडे पानी में बिठाऊंगा, नहीं आयेगा तो पाताल में गाडूंगा!"

कीटकराजाला हिंदी चांगलं समजत असावं. कारण मडक्यातून तडतड असा आवाज येई, नळीतून धूर येई, दुखणाईत खोकत खोकत डोळे पुशी, आणि महाराजांनी मडकं उचललं की परातीतल्या पाण्यात पांढरे, वाकडे, बारीक किडे पडलेले असत. गर्दीतून एक लांब हुंकार निघे. मग शेरभर ज्वारी आणि एक नारळ महाराजांच्या घोंगडीवर जाई. नारळ महाराजांनाच का लागतो, किड्यांना का लागत नाही, हे कोणी विचारलं नव्हतं.

"मी मना डोळाघाई देखं," गावातली कुंदाबाई स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं घरोघर सांगत सुटली होती. "अस्सा वळवळता किडा. मना डोळाघाई."

कुंदाबाईच्या डोळ्यांपेक्षा तिच्या जिभेचा पल्ला मोठा होता, त्यामुळे पुढच्या मंगळवारी आसपासच्या गावांच्या गाड्यासुद्धा वाघखेड्याच्या वाटेला लागल्या.

कुंदाबाईच्या शेजारच्या घरात सुंदरबाई राहत. सारं गाव त्यांना सुंदरअक्का म्हणे. वय सत्तरीच्या पलीकडे, नजर घारीची, आणि तोंडात औषधालासुद्धा दात नव्हता. चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण अक्का स्वतःच स्वतःवर म्हणून घेत आणि बोळकं उघडून हसत. अक्का काही नास्तिक नव्हत्या. श्रावणात घरोघर कानबाई देवी बसली की नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळण्यापासून गाणी म्हणण्यापर्यंत सगळ्यांत पुढे अक्का. पण देवाला काही हवं असलं तर तो मागत नाही, मागतो तो मधला माणूस, असा त्यांचा अनुभव होता आणि तो त्या कोणालाही ऐकवत.

अक्कांचा मुलगा तोताराम हा कपाशीतला जाणता माणूस. बोंडाला टाचणीएवढं भोक दिसलं की आत ठिपक्यांची अळी आहे की शेंदरी, हे तो बोंड न फोडता सांगे. शेजारपाजारचे शेतकरी रोगट बोंडं घेऊन त्याच्या ओट्यावर येत. आणि नेमकं हे शहाणपणच त्याला नडलं. त्याची बायको सुनंदाबाई हिच्या खालच्या दाढेला काळं भोक पडलं होतं आणि ठणका जात नव्हता. तोतारामने बायकोला उजेडात बसवून तोंड उघडायला लावलं, भोक पाहिलं आणि निदान केलं.

"बोंडले भोक पडस कसाघाई? अळीघाई. मंग दाढले भोक कसाघाई पडनं व्हई?"

कापूस न पिकवणाऱ्या माणसाला ही चूक सुचलीच नसती. ती करायला आयुष्यभर बोंडं पाहावी लागतात.

सुनंदाबाई परातीसमोर बसली, खोकली, आणि तिचेही किडे निघाले. त्याच संध्याकाळी दाढेच्या मुळाशी पिकलेलं गळू आपोआप फुटलं, तोंडात घाण पू आला, तिने चुळा भरल्या आणि ठणका उतरला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. तोतारामने महाराजांच्या पायावर डोकं ठेवलं आणि एक किडा पितळी वाटीत घालून देवघरापाशी आणून ठेवला, पाहुण्यारावळ्यांना दाखवायला.

अक्कांनी वाटी उचलली आणि अंगणातल्या उन्हात नेली.

"तोताराम, याले तोंड कोठे शे?"

"काय?"

"अळीले तोंड ऱ्हास, पाय ऱ्हातस. याले ना तोंड, ना पाय. अन् हाई हालस बी नही."

"दाढनी अळी येगळी ऱ्हास, माय."

अक्कांनी तो किडा अंगणातल्या कोंबडीपुढे टाकला. अळी दिसली की पंख पसरून धावणारी ती कोंबडी. तिने एकदा चोच लावली, मान वाकडी करून पाहिलं आणि उकिरड्याकडे निघून गेली. कोंबडीला महाराजांबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे तिचं मत स्वच्छ होतं. तोताराम मात्र आईवर रागावला आणि दुसरा किडा आणून वाटीत घातला.

हसण्यावारी नेण्याचे दिवस तिथेच संपले. आठवडा उलटायच्या आत सुनंदाबाईच्या जबड्याखाली सूज आली. आधी एका बाजूला, मग हनुवटीखाली, मग गळ्यापर्यंत. हात लावला तर लाकडासारखी टणक. अंग तापाने फणफणलं. तोंड बोटभरसुद्धा उघडेना, जीभ वर उचलली गेली, आणि ती बोलली की तोंडात भाकरीचा घास धरून बोलल्यासारखं ऐकू येई. जवळ बसलं तर सडक्या वासाने जीव गुदमरत होता. रोज सकाळी ती सासूसाठी भाकरी दुधात कुस्करून ठेवायची, आईने बाळाला भरवावी तशी मऊ. त्या सकाळी तिने आजारी अंगानेच वाटी पुढे केली आणि तिला भोवळ आली. अक्कांना तो घास गिळवला नाही. या सुनेवर त्यांचा मुलापेक्षा कांकणभर जास्तच जीव होता.

तोताराम महाराजांकडे धावला. महाराज मारुतीच्या देवळामागच्या खोलीत उतरले होते. त्यांनी डोळे मिटले आणि खुलासा केला. "प्रजा निकल गई, रानी रह गई. रानीकीडा गुस्से में है. मंगल को निकालूंगा. तब तक डॉक्टर के पास मत जाना. लोहे का हथियार लगा, तो रानी सीधी गले में उतरेगी."

"गाडी जुप," अक्का म्हणाल्या. "चोपडाले जाऊत."

"महाराजस्नी नही म्हनेल शे."

"तुनी बायको शे का महाराजनी?"

तोताराम काही दुष्ट नव्हता. तो घाबरला होता. डॉक्टरकडे नेलं आणि खरोखरच राणी गळ्यात उतरली तर, या भीतीने तो गाडीला हात लावेना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, आणि इथे तर ब्रह्मराक्षसाने स्वतःच दिवस ठरवून दिला होता. गाडी त्याची, बैल त्याचे. अक्का ओरडल्या, रडल्या, एक वेळ जेवल्याही नाहीत. तो हलला नाही. तेव्हा अक्कांच्या ध्यानात आलं की सुनेला चोपड्याला न्यायचं तर आधी मुलाच्या डोक्यातून महाराज काढले पाहिजेत, आणि ते काम भांडून होणार नाही.

मंगळवारी सकाळी तोतारामने गाडीत गोधड्या घातल्या, सुनंदाबाईला निजवलं आणि गाडी बाजारात आणली. कडुनिंबाखाली तोबा गर्दी होती. कुंदाबाई अर्थातच पहिल्या ओळीत. तोताराम बायकोला उतरवू लागला, तेवढ्यात अक्का पुढे झाल्या आणि परातीसमोर फतकल मारून बसल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी तोंडावर ओढून घेतला होता. परक्या पुरुषापुढे जुन्या बायका बसतात तशाच त्या बसल्या होत्या, त्यामुळे महाराजांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

"पहिले मी," अक्का पदराआडून कण्हल्या. "मनी दाढ ठणकस, महाराज. रातभर झोप नही."

तोतारामने "माय, तुले तं..." एवढं म्हणायला तोंड उघडलं. अक्कांनी पदराच्या फटीतून असे डोळे वटारले, की ते मिटलं. गावातल्या ज्यांना अक्कांचं बोळकं ठाऊक होतं तेही गप्प राहिले. काहींना गंमत कळली होती, बाकीचे अक्कांच्या जिभेला भीत होते.

महाराजांनी बी टाकलं, मडकं पालथं घातलं आणि नळीचं टोक पदराखाली सरकवून दिलं. स्त्रियांना ते हात लावत नसत. तेवढं वैराग्य त्यांनी राखलं होतं. पदराखाली काय चाललं आहे हे कोणाला दिसत नव्हतं. दिसलं ते इतकंच की म्हातारी डोलते आहे, हाय हाय करते आहे.

"आव आव कीटकराज! बूढी माँ का महाल छोड!"

तडतड झाली. महाराजांनी मडकं उचललं. पाण्यात पांढऱ्या किड्यांची पंगत बसली होती.

"देखो, भाईयों! कितने साल का डेरा था!"

"कोन्ता दाढना शेतस, महाराज?" अक्कांनी विचारलं.

महाराजांनी डोळे मिटून अंतर्ज्ञानाने पाहिलं. "बाएं तरफ की, नीचेवाली. जड तक पोखर डाली थी."

अक्कांनी पदर खाली घेतला आणि तोंड उघडलं. आधी महाराजांकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे, जत्रेत देव दाखवावा तसं सगळ्यांना सावकाश दाखवलं. वर नाही, खाली नाही, मागे नाही, पुढे नाही. नुसत्या गुलाबी हिरड्या.

हसतील त्यांचे दात दिसतील म्हणतात. त्या दिवशी बाजारातले झाडून सगळे दात दिसले. अक्काही हसत होत्या, पण त्यांचे दिसायला नव्हते.

महाराज मात्र कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी हात वर केला. "हसो मत! दात गये, किडे नहीं गये. मसूडों में छिपे बैठे थे, बरसों के भूखे. इसीलिए तो इतने निकले!"

आणि खरं सांगायचं तर काही माना डोलल्या. विश्वास ठेवायचाच असं ठरवलेल्या माणसाला कारण कितीही लहान पुरतं. कुंदाबाई तर म्हणालीसुद्धा, "बरोबर शे. हिरड्यामा ऱ्हाई सकतस."

अक्कांना हे अपेक्षित होतं. त्यांनी मुलाला हाक मारली.

"तोताराम, आठे ये. तू कपाशीना जाणकार शे ना? हाई नळी देख."

तोतारामने नळी हातात घेतली. अक्कांच्या बाजूच्या तोंडात कापसाचा बोळा ठासून बसवलेला होता. रोज देवापुढच्या वाती वळणारी बोटं ती, बोळा सुपारीसारखा घट्ट होता. पदराखाली अक्कांनी नळी तोंडाला लावलीच नव्हती. ओटीतला कापूस काढून तिच्यात दाबला होता आणि हाय हाय करत नळी मुठीत धरून बसल्या होत्या.

"किडा मना तोंडमाईन निंघना, नळीमाईन गया, अन् पाणीमा पडना, आसं महाराज म्हनतस," अक्का म्हणाल्या. "मंग तो हाऊ बोळामाईन गया व्हई. तू माले भोक दखाड."

तोतारामने बाभळीच्या काट्याने बोळा ओढून काढला. एका बाजूने पाहिला, फिरवून दुसऱ्या बाजूने पाहिला. मग उन्हाकडे धरून पाहिला, जसं तो बोंड धरतो तसं. एवढे किडे गेले आणि बोळ्याला टाचणीएवढंही भोक नव्हतं. हे दुसऱ्या कोणाला पटायला वेळ लागला असता. पण अळी जाते तिथे भोक पडतं, हे तर तोतारामचं आयुष्यभराचं ज्ञान होतं. त्याच ज्ञानाने त्याला फसवलं होतं आणि आता त्याच ज्ञानाने त्याचा कान धरला.

"भोक नही," तो हळू म्हणाला. मग मोठ्याने, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं, "अळी जास तठे भोक पडसच. आठे भोक नही."

महाराज "बच्चा, बच्चा" म्हणेपर्यंत त्याने भगव्या पिशवीत हात घातला आणि चिमूटभर बी तापलेल्या फाळावर टाकलं. मडकं घातलं नाही, नळी लावली नाही, मंत्र म्हटला नाही. बी तापलं आणि तड् तड् उडालं. उडून परातीत पडलं. तोतारामने वाकून पाहिलं. टरफल फुटलं होतं आणि आतला पांढरा, गुंडाळलेला कोंब पाण्यात लांब होत होता. महाराजांच्या कीटकराजाचा जन्म सगळ्या बाजाराने उघड्या डोळ्यांनी पाहिला.

"हाई तं रिंगणीनं बी," तोताराम म्हणाला.

भुईरिंगणी. बांधावर, वाटेच्या कडेला पसरते ती काटेरी, पिवळ्या फळांची. ती उपटता उपटता वाघखेड्यातल्या प्रत्येकाच्या टाचेत कधी ना कधी काटा मोडलेला होता. हिमालयातून आणलेलं म्हणून महाराज जे बी दाखवत ते अर्ध्या गावाच्या बांधावर फुकट पडलेलं होतं. तूप लावलं की धूर भरपूर होतो, मडकं घातलं की उडणारं बी बाहेर जात नाही, आणि नळी तोंडाला लावली की माणसाला वाटतं, जे पाण्यात आहे ते आपल्यातूनच आलं. चमत्कार म्हणायचा तो एवढाच.

महाराजांनी घोंगडी गुंडाळली आणि गर्दी आपसात वाद घालत असताना ते अंतर्धान पावले. अंतर्धान मात्र खरोखर वाखाणण्यासारखं झालं. परात, फाळ आणि नारळ मागेच राहिले.

त्यांच्यामागे धावायची काहींची इच्छा होती. अक्कांना तेवढा वेळ नव्हता. त्या गाडीत सुनेच्या उशाशी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "चाल."

तोतारामने बैलांना आयुष्यात कधी मारलं नव्हतं. त्या दिवशी वाटभर चाबूक वाजत होता.

चोपड्याच्या डॉक्टरांचं नाव जहांगीर. शांत माणूस. त्यांनी सुनंदाबाईचा गळा चाचपला आणि त्यांचा चेहरा एकदम कामाचा झाला. पेनिसिलिनची सुई दिली, जबड्याखाली छेद घेतला. आतून जो पू निघाला त्याच्या वासाने दाराशी उभा असलेला तोताराम अंगणात पळाला. दुसऱ्या दिवशी तोंड थोडं उघडलं तेव्हा डॉक्टरांनी ती दाढही काढली.

"आणखी एक रात्र गेली असती," डॉक्टर तोतारामला म्हणाले, "तर सूज श्वासाच्या वाटेवर बसली असती. मग माझ्या हातात काही राहिलं नसतं."

तोताराम पायरीवर बसला आणि मुलासारखा रडला. अक्का त्याच्या शेजारी बसल्या, पण त्यांनी त्याला उगी केलं नाही. रडणं त्याला चांगलंच आहे, असं त्यांना वाटलं.

ताप उतरायला लागला तेव्हा कुठे तोतारामला प्रश्न विचारायची हिंमत झाली. दाढेत अळी नव्हती, मग होतं काय? बाजारातली हकिकत ऐकलेल्या डॉक्टरांनी मायलेकांना आत बोलावलं. टेबलावर काळं, पितळी चाकांचं सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. काचेवर त्यांनी पुवाचा थेंब रंगवून ठेवला होता.

"महाराजांनी दाखवलेलं पाहिलंत, आता माझंही पाहा," ते म्हणाले. "आणि पटलं नाही तर माझाही बोळा तपासा."

तोतारामने एक डोळा मिटला. बराच वेळ त्याला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग एकदम दिसलं. "मणी शेतस. माळसारखा. अन् ह्या लांब लांब, दोन्ही टोकले अणकुचीदार, सूत कातानी चातीसारखा. अन् हाई काय? मळसूत्र?"

"तेच. मण्यांच्या माळा, चात्या आणि मळसूत्रं. वेगवेगळ्या जातींचे जंतू आहेत ते."

"यामा राणी कोन्ती?"

"राणी नाही," डॉक्टर हसले. "पाटीलही नाही. हीच तर गोष्ट आहे. हे सगळे जंतू एरवीही तोंडात असतात, गुमान. आत्ता तुमच्याही तोंडात आहेत."

तोतारामने घाईने तोंड मिटलं.

"मना तोंडमा बी?" अक्कांनी विचारलं.

"थोडे. दातांच्या फटीच नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे बिऱ्हाडं कमी." डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "यांतला एकेक वेगळा करून सशाच्या कातडीखाली टोचला तर बहुतेक वेळा फारसं काही होत नाही. सगळे मिळून टोचले तर मोठं गळू होतं. असं का? तुमच्याकडे निंदणी-कापणीला सावड करतात ना?"

"करतस. आज मना वावरमा तू, सकाय तुना वावरमा मी."

"हे तसंच करतात. दाढ किडली, आतला जीव मेला की हे मुळाशी उतरतात. काहींना हवा चालते. ते आधी तिथली हवा खाऊन टाकतात. ज्यांना हवेत जगताच येत नाही, त्यांना मग ती जागा राहण्याजोगी होते. दुसरे मांस विरघळवतात, त्यातून बाकीच्यांना खायला मिळतं. एकाने टाकलेलं दुसऱ्याचं जेवण. आपल्या रक्तात पहारेकरी असतात, काही जंतू त्यांनाच दमवतात, आणि त्या गडबडीत बाकीचे पुढे सरकतात. एकट्याच्या बळावर यांतल्या कोणालाही गळ्यापर्यंत पोचता आलं नसतं."

तोताराम विचारात पडला. "बोंडले अळी भोक पाडस," तो सावकाश म्हणाला, "मंग त्या भोकमाईन बुरशी घुसस, अन् बोंड सडस. बुरशीले आपलं भोक पाडता येत नही."

"बघा," डॉक्टर म्हणाले. "तुमचा दाखला चुकीचा नव्हता, अर्धाच होता. तुम्ही भोकापाशी थांबलात."

अक्का इतका वेळ यंत्राला डोळा लावून बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "आम्हना गावमा विहीरना गाळ काढाले चार माणसे एकजागे येतस नही. अन् ह्या मेला, डोळाले दिसत नहीत, अन् सावड करतस."

खरं म्हणजे वाघखेड्यातही त्या महिन्यात सावड झालीच होती. रिंगणीच्या बियांना एकट्याने कोणाला फसवता येत नाही. त्या बांधावर पिढ्यान्‌पिढ्या पडून होत्या. महाराजांची हिंदी एकटी असती तर लोक हसले असते. पण बी महाराजांचं, अर्धं ज्ञान तोतारामचं, जीभ कुंदाबाईची, आणि नेमक्या वेळी फुटलेलं गळू. सगळे एका जागी आले, प्रश्न विचारण्याची हवा संपली, आणि एक चांगली बाई मरता मरता राहिली.

सुनंदाबाई घरी आली तेव्हा तिला चावता येत नव्हतं. सकाळी अक्कांनी तिची भाकरी दुधात कुस्करली, आणि दोघी सासू-सुना समोरासमोर बसून एकाच वाटीतून गिळगिळीत भाकरी खात हसल्या.

त्याच वेळी कुंदाबाई आली. हातात नारळ, कपाळावर भक्ती. तिने नारळ अक्कांच्या पायाशी ठेवला आणि वाकली.

"अक्का, तुमनामा देव शे. दात नहीत, तरी तुमी किडा काढात. मनी दाढ देखा ना, लई ठणकस."

अक्कांनी हातातला घास वाटीत ठेवला. एक महाराज कडुनिंबाखालून उठले नाहीत तोच गाव दुसरे बसवायला निघालं होतं, आणि या वेळी ते स्वतः अक्का होत्या.

"कुंदा," त्या म्हणाल्या, "तू म्हने, मना डोळाघाई देखं. देखं ते खरं व्हतं. पाणीमा पडेल व्हतं, ते दिसनं. पन ते कोठून उनं, ते तू इचारं का?"

कुंदाबाईने जिभेऐवजी नुसती मान हलवून नाही म्हटलं. तिच्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

"देखानं, अन् इचारानं. मी सांगनू तरी इचारानं. डॉक्टरनी सांगं तरी इचारानं. जो इचारू देत नही, त्यानी परात उलटी करानी." अक्कांनी नारळ उचलून तिच्याच ओटीत घातला. "हाऊ घरी ली जाय, पोरेस्ले दे. दात त्यास्ले शेतस. तोताराम, गाडी जुप. कुंदाले चोपडाले ली जा."

तोताराम लगेच उठला. या वेळी त्याने कोणालाच दिवस विचारला नाही.